कौतुक नको, चार तास द्या

२१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन. त्या आठवड्यात ठाण्यात नाहीतर नवी मुंबईत कुठे ना कुठे व्याख्यान ठरलेलं असतं. डॉक्टर तळमळीने बोलतात, पडद्यावर मेंदूची चित्रं दाखवतात, शेवटी प्रश्नोत्तरं होतात. अशा कार्यक्रमांना मी बऱ्याचदा गेले आहे आणि दर वेळी एक गोष्ट खटकते. खुर्च्यांवर बसलेले बहुतेक जण ‘पुढे आपल्याला हे होईल का’ या धास्तीने आलेले असतात. ज्यांच्या घरात हा आजार आज ठाण मांडून बसला आहे, ते आलेलेच नसतात. येणार तरी कसे? घरी त्या माणसापाशी बसायला कोणी नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. डिमेन्शिया, म्हणजे अल्झायमरसारख्या आजारात स्मरण आणि भान हळूहळू जाणं, झालेल्या माणसाला सांभाळणाऱ्या घराला सगळ्यात आधी मोकळा वेळ हवा आहे. रोज चार तास. रोज जमत नसेल तर आठवड्यातून तीन दिवस तरी, पण भरवशाचे. माहिती, सल्ला, समुपदेशन हे सगळं लागतं, पण त्याचा उपयोग करून घ्यायलाही वेळच लागतो. आणि हा वेळ मिळवून देणं ही नातेवाइकांची मेहरबानी किंवा एखाद्या संस्थेचं पुण्यकर्म न राहता ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांचं नेमाचं काम व्हायला हवं.

आजार किती घरांत आहे याचा अंदाज आधी देते. देशभरातल्या ज्येष्ठांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. साठीच्या वरच्या माणसांत डिमेन्शियाचं प्रमाण त्यात ७.४ टक्के निघालं. म्हणजे भारतात सुमारे ८८ लाख माणसं, आणि २०३६ पर्यंत ती १ कोटी ६९ लाखांवर जातील असा त्या अभ्यासकांचा अंदाज आहे. बायकांत प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे, खेड्यांत शहरांपेक्षा जास्त आहे. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या मोठ्या संकुलात तीनशे ज्येष्ठ राहत असतील, तर शहराचं प्रमाण कमी धरूनही पंधरा-वीस घरं निघतील. त्या संकुलात कोणाला विचारलं तर ‘आमच्याकडे असं कोणी नाही हो’ असं उत्तर येईल, कारण ती माणसं खाली बागेत येत नाहीत आणि त्यांना सांभाळणारीही येत नाही.

विसरणं म्हणजे चष्मा कुठे ठेवला ते न आठवणं, अशी समजूत अजून आहे. विसराळूपणा बी-१२ कमी पडल्याने येतो, थायरॉइडमुळे येतो, नैराश्यामुळे येतो, आणि यांतला बराचसा औषधाने सुधारतो. म्हणून ‘वय झालं आता’ म्हणून सोडून न देता आधी निदान करून घ्यावं. पण निदान डिमेन्शियाचं निघालं, की पुढची आठ-दहा वर्षं घराचं वेळापत्रक त्या एका माणसाभोवती फिरतं. सध्याच्या गोळ्या लक्षणं काही काळ थोडी आटोक्यात ठेवतात, गेलेलं परत आणत नाहीत. बाकी सगळा उपचार म्हणजे सांभाळणं.

सांभाळणं म्हणजे काय, ते आमच्याच भागातल्या एका घराचं सांगते. काकांनी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात उभा जन्म पाळीत काढला. कारखाना कधीच बंद झाला. आता काका पहाटे साडेचारला उठतात, शर्ट चढवतात आणि डब्याची पिशवी शोधू लागतात. पहिली पाळी आहे ना! सुरुवातीला काकू समजावायच्या, अहो, तुम्ही रिटायर झालात. मग काका चिडायचे, दाराला धडका द्यायचे, शेजारी जागे व्हायचे. आता काकूंना युक्ती सापडली आहे. ‘आज कंपनीला सुट्टी आहे, काल सुपरवायझरचा निरोप आला होता,’ म्हणतात. काका खुर्चीत बसतात, चहा घेतात. पाऊण तासाने पुन्हा पिशवी शोधू लागतात आणि काकू पुन्हा तेच, त्याच आवाजात सांगतात. लॅचची किल्ली तांदळाच्या डब्यात असते. स्वयंपाक झाला की पाइप गॅसचा मेन कॉक बंद. काकू अंघोळीला जाताना बाथरूमचं दार उघडं ठेवतात. बादली आधी भरून घेतात, नळ बंद करतात आणि मगच अंगावर पाणी घेतात, कारण नळ चालू असला तर बाहेरची चाहूल लागत नाही. गेली काही वर्षं त्यांची अंघोळ अशीच चालली आहे. दाढ दुखते आहे, गुडघ्याला डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आहे. ‘मी चार दिवस आडवी झाले तर ह्यांचं कोण बघणार?’ एवढं बोलून त्या विषय बदलतात.

या आजारात राबणं तर आहेच, पण त्याहून जड असतो तो पहारा. अर्धांगवायूने खाटेला खिळलेल्या माणसाची सेवा फार कष्टाची, पण त्याला औषध देऊन, दार ओढून बाई अर्ध्या तासात भाजी घेऊन येऊ शकते. डिमेन्शियाच्या मधल्या टप्प्यातला माणूस चालता-फिरता असतो, हातापायांत बळ असतं, आणि डोक्यात मात्र चाळीस वर्षांपूर्वीचं गाव असतं. तो दार उघडून निघतो. ठाण्यात ही भीती आणखी मोठी, कारण स्टेशन जवळ. ठाणे स्टेशनात शिरलेला माणूस कसारा, कर्जत, सीएसएमटी, वाशी, पनवेल यांपैकी कोणत्याही गाडीत बसलेला असू शकतो, आणि फलाटावरच्या त्या गर्दीत एकट्या भांबावलेल्या म्हाताऱ्याकडे कोणाचं लक्ष जाणार? नवी मुंबईत वेगळी अडचण आहे. सिडकोने एकाच नकाशावरून बांधलेल्या इमारती आणि रो-हाउसच्या रांगा. नेरुळला किंवा कोपरखैरण्याला नव्याने आलेला धडधाकट पाहुणासुद्धा सेक्टरचा आकडा विसरला तर गल्ली चुकतो. ज्याचं दिशाभान गेलं आहे त्याने घर ओळखायचं कशावरून?

संध्याकाळ तर बहुतेक घरांना नकोशी वाटते. दिवेलागण झाली की बेचैनी वाढते. ‘मला घरी जायचंय’ सुरू होतं, ते माणूस स्वतःच्याच घरात बसून म्हणत असतो. बाई त्याला लग्नाचा फोटो दाखवते, देवघर दाखवते, हात धरून खोल्यांतून फिरवते. नेमका तेव्हाच कुकर लावायचा असतो, नातवाचा क्लास असतो, कोणीतरी ऑफिसातून दमून येत असतं.

हे सगळं करते कोण, हे सांगायची गरज नाही, तरी सांगते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के बायका घरातल्या माणसांच्या देखभालीत असल्याचं दिसलं, पुरुष २१.४ टक्के. त्या बायका दिवसाला सरासरी १४० मिनिटं त्यात घालवतात, ते पुरुष ७४ मिनिटं. यात मुलांचं करणंही धरलं आहे. डिमेन्शियाच्या घरात त्या मिनिटांचा हिशेब चालत नाही, तिथे दिवस आणि रात्र मोजावी लागते. शिवाय साठीच्या पुढच्या कितीतरी बायका नवऱ्याचं करतात, त्या १५ ते ५९ च्या रकान्यात बसतच नाहीत.

या बायकांच्या वाट्याला येतं ते कौतुक. ‘धन्य आहे तुझी.’ ‘हे पुण्य कुठे जाणार नाही.’ पुण्याहून दीर फोन करतात, ‘वहिनी, तुम्ही आहात म्हणून आम्ही निर्धास्त आहोत.’ बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण या वाक्यात जबाबदारी कोणाची हे ठरून जातं आणि मग मदत मागणं हीच कमीपणाची गोष्ट होऊन बसते. चांगल्या नोकरीवरून पन्नाशीत स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांची पेन्शन कमी झाली, प्रॉव्हिडंट फंड थांबला. त्यांच्या म्हातारपणाची सोय कोण करणार, हा प्रश्न कोणत्याच सभेत निघत नाही.

पैसे असतील तर बाई ठेवा, असं सांगितलं जातं. देखभालीला बाया पुरवणाऱ्या ब्युरोकडून बारा तासांची बाई घेतली तर महिन्याचे वीस-पंचवीस हजार जातात. चोवीस तासांची हवी तर त्याहून किती तरी जास्त, शिवाय डायपर, औषधं. मध्यमवर्गीय निवृत्त माणसाची पेन्शन तिथेच संपते. आणि ती मुलगी येते जव्हार-मोखाड्याकडून, नाहीतर मराठवाड्यातून, बहुतेक वेळा कसलंही शिक्षण न घेता. रुग्णाने तिच्यावर चोरीचा आळ घेतला तर तो आजार बोलतो आहे, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. रुग्णाने हात उगारला तर काय करायचं हेही तिला ठाऊक नसतं. ती चार दिवसांत निघून जाते आणि घर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतं. तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्या पगारातून ब्युरो आपला वाटा कापून घेतो आणि तिला शिकवायची जबाबदारी मात्र कोणीच घेत नाही.

आता सरकार काय देतं ते बघा. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. चांगली योजना आहे, पण ती रुग्णालयात दाखल झाल्यावरची. डिमेन्शियाच्या माणसाला रुग्णालयात खाट नको असते. उलट अनोळखी वॉर्डात त्याचा गोंधळ वाढतो. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांपुढच्या गरजूंना काठी, चष्मा, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. प्राप्तिकराच्या जुन्या कररचनेत ज्येष्ठाच्या अशा मेंदूविकारावरच्या खर्चापोटी १ लाखापर्यंत वजावट आहे, तीही ठरावीक तीव्रतेचं प्रमाणपत्र असेल तर आणि मुळात कर भरण्याएवढं उत्पन्न असेल तर. ही प्रत्येक सोय रुग्णाच्या नावाने आहे. जिच्या जिवावर तो घरात राहतो, तिच्या नावाने काहीच नाही.

२००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याण कायद्याकडे बघितलं की हे फारच जाणवतं. आई-वडिलांना सोडून देणाऱ्याला त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. असा कायदा हवाच होता. पण जी मुलं सोडून देत नाहीत, वर्षानुवर्षं सांभाळतात, त्यांना हा कायदा कोणती मदत देतो? एकाही कलमात नाही. सांभाळणं हे गृहीत धरलं आहे.

कागदपत्रांचा जाच तर या घरांवरचं वेगळंच संकट आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. वडिलांची सही बदलते, मग थांबते. फिक्स्ड डिपॉझिट त्यांच्या एकट्याच्या नावावर, डायपरला मात्र पैसे हवेत आज. बँकेत सांगतात, मुखत्यारपत्र आणा. घरचे धावपळ करून मुखत्यारपत्र करतात किंवा आधीच केलेलं काढतात. पण १८७२ च्या आपल्या करार कायद्याच्या २०१ कलमाप्रमाणे ते करून देणाऱ्याचं मनःस्वास्थ्य गेलं की मुखत्यारपत्राचा अंमल संपतो. ज्या दिवसासाठी ते केलं, त्याच दिवशी ते निकामी होतं! इतर कित्येक देशांत माणूस शहाणपणी असताना ‘पुढे माझी बुद्धी गेली तरी हा अधिकार चालू राहील’ असं लिहून देऊ शकतो. आपल्याकडे मालमत्तेसाठी तशी तरतूद नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांबद्दल आगाऊ सूचना लिहून ठेवता येते, प्रतिनिधी नेमता येतो, पण बँकेच्या खात्यावर तो कागद चालत नाही.

मग राहतं कोर्ट. अशा माणसाच्या मालमत्तेचा पालक नेमून घ्यायला कुटुंबं उच्च न्यायालयापर्यंत जातात. वकील, वैद्यकीय मंडळाचा दाखला, तारखा. आणि गंमत म्हणून नाही, खरंच विचार करायला लावणारी गोष्ट म्हणून सांगते: याच्या कितीतरी सोपी वाट आपल्या कायद्यात आधीपासून आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्ह्यातली स्थानिक समिती पालक नेमते. त्या समितीवर जिल्हाधिकारी असतात, एक स्वयंसेवी संस्था असते, एक दिव्यांग व्यक्ती असते. ठाण्याच्या माणसाला हे काम ठाण्यातच करून मिळतं. डिमेन्शिया त्या यादीत नाही, एवढंच. ती यादी वाढवायला संसदेत एक दुरुस्ती पुरेल. आपल्या खासदारांकडे मागण्यासारखी ही सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे, कारण तिला निधी लागत नाही.

आता चार तासांकडे येते. वेळ मिळाल्याने आणि आधार मिळाल्याने खरंच काही बदलतं का, असा प्रश्न अर्थसंकल्प करणारे विचारतील, आणि विचारावाच. आपल्या शेजारी गोव्यात याचं उत्तर शोधलं गेलं आहे. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांवर केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठे तज्ज्ञ घरोघर पाठवणं परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी स्थानिक माणसांनाच शिकवून घरी जाणारे सल्लागार केलं. ते आजार समजावून सांगत, चिडचीड आणि रात्रीची जागरणं कशी हाताळायची ते दाखवत, सरकारी योजनांची वाट दाखवत, गरज पडली तर डॉक्टर जोडून देत. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण मोजता येईल इतका उतरला. न्यूयॉर्कमध्ये संशोधक मेरी मिटलमन यांनी रुग्णांना सांभाळणाऱ्या ४०६ जोडीदारांवर वर्षानुवर्षं काम केलं. ज्यांना समुपदेशन, गटाचा आधार आणि लागेल तेव्हा फोनवर माणूस मिळाला, त्यांचे रुग्ण सरासरी ५५७ दिवस उशिरा शुश्रूषागृहात गेले, असं २००६ मध्ये छापून आलं. दीड वर्षाहून जास्त काळ माणूस आपल्या घरात राहिला. रुग्णाला घर सोडायला लावायचं नसेल तर सांभाळणाऱ्या माणसाला आधी सावरावं लागतं.

जपानने एप्रिल २००० मध्ये दीर्घकालीन देखभालीचा विमा सुरू केला. चाळिशी ओलांडलेला प्रत्येक जण त्यात हप्ता भरतो आणि म्हातारपणी त्यातून दिवसाचं केंद्र, घरी येणारी मदतनीस अशा सेवा मिळतात. सकाळी गाडी दाराशी येते, माणसाला नेते, दुपारी आणून सोडते. आपण लगेच जपान होणार नाही. पण केरळची ‘आश्वासकिरणम’ योजना आपल्याच देशातली आहे. अंथरुणाला खिळलेल्या किंवा सतत देखभाल लागणाऱ्या रुग्णाला सांभाळणाऱ्याला तिथे महिन्याला ६०० रुपये ठरवले आहेत. रक्कम तुटपुंजी आहे, पण सांभाळणारी व्यक्ती ही सरकारच्या वहीत एक नाव आहे, हे तिथे मान्य झालं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २४ व्या कलमातही जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी देखभालीच्या भत्त्याचा उल्लेख आहे. त्या कायद्याच्या २१ प्रकारांत डिमेन्शियाचं वेगळं नाव नाही, पण मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरण आणि भान यांचे गंभीर विकार आहेत, तेव्हा दार पूर्ण बंद नाही.

त्याच दाराने महापालिकेकडे जाता येतं. राज्यातल्या महापालिकांनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करायचा, असा शासनाचा आदेश आहे. नवी मुंबई महापालिका वाशीला दिव्यांग मुलांसाठी ईटीसी हे शिक्षण-प्रशिक्षणाचं केंद्र चालवते. ज्या शहराने विशेष मुलांसाठी शिक्षक, थेरपिस्ट, इमारत उभी केली, त्या शहराला विशेष म्हाताऱ्यांसाठी ते जमणार नाही, हे मी मान्य करणार नाही. तिथे ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रंही आहेत, पण ती वर्तमानपत्र वाचणाऱ्या, कॅरम खेळणाऱ्या, स्वतःच्या पायाने येणाऱ्या ज्येष्ठांना धरून आखलेली आहेत. त्यांच्या शेजारचीच एक खोली या माणसांसाठी मागते आहे. सिडकोने १९७० पासून हे शहर आखलं तेव्हा तरुण कुटुंबं डोळ्यांसमोर होती, म्हणून सेक्टरागणिक शाळा, बाग, बाजार आले. ऐंशीच्या दशकात वाशीत घर घेतलेली ती तरुण माणसं आता ऐंशीला टेकली आहेत. सामाजिक सुविधांचे भूखंड वाटताना या वयाचा विचार आता व्हायला हवा. ठाण्यात जागेची ओरड नेहमीचीच, पण महापालिकेच्या ज्या शाळांत पट घटून तळमजल्यावरचे वर्ग रिकामे पडले असतील, तिथे सुरुवात करता येईल.

मी ढोबळ हिशेब मांडून पाहिला आहे. चार तासांची दोन सत्रं, प्रत्येक सत्रात वीस जण, म्हणजे चाळीस घरं. सहा मदतनीस प्रत्येकी २० हजारांवर, १ लाख २० हजार. एक नर्स ३० हजार, एक केंद्रप्रमुख ३५ हजार. गाडी, चालक आणि डिझेल मिळून ५० हजार. दर माणशी दिवसाला ५० रुपयांचा नाश्ता-चहा, पंचवीस दिवसांचे ५० हजार. साफसफाई, वीज, किरकोळ २५ हजार. बेरीज ३ लाख १० हजार रुपये महिना, घरामागे पावणेआठ हजार. जागा महापालिकेची धरली आहे. ज्यांची ऐपत आहे त्यांनी निम्मे भरावेत, ज्यांची नाही त्यांना मोफत. हे आकडे थोडे इकडे-तिकडे होतील, दुपटीने चुकले तरी एका केंद्राचा वर्षाचा खर्च पाऊण कोटीच्या आत राहतो. शहरातला एखादा चौक सुशोभित करताना एवढ्या रकमेवर कोणी वाद घालत नाही.

गाडी मात्र हवीच. गाडीशिवाय केंद्र म्हणजे पुन्हा त्या बाईनेच नवऱ्याला रिक्षात बसवायचं, त्याने मधेच उतरायचा हट्ट धरायचा, आणि दुसऱ्या दिवसापासून तिने येणं बंद करायचं. इमारत तळमजल्यावर असावी, बाहेर जायचा रस्ता एकच, संडासाच्या दारावर शब्दाबरोबर चित्र, आणि फिरायला गोल वाट, जिला शेवट नाही. मदतनिसांना नेमण्याआधी शिकवावं, आणि तीच शिकलेली माणसं पुढे घरोघर मिळू लागतील.

यावर सगळ्यात जोरात येणारा आक्षेप संस्कृतीचा. ‘आई-वडिलांना असं कुठेतरी सोडून यायचं? आपल्यात नाही बसत.’ हे बोलणाऱ्यांबद्दल मला राग नाही, आईबद्दलची मायाच त्यांच्या तोंडून बोलते. पण २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि गावोगाव अंगणवाड्या उघडल्या, तेव्हा मूल अंगणवाडीत गेलं म्हणून आईने त्याला टाकलं असं कोणी म्हटलं नाही. सहा वर्षांच्या आतलं मूल ही एकट्या घराची जबाबदारी नाही हे या देशाने पन्नास वर्षांपूर्वी स्वीकारलं. दुपारी चार तास केंद्रात गेलेली आई रात्री आपल्याच अंथरुणात झोपते, सुनेच्या हातचा वरणभात खाते. वृद्धाश्रमाचा रस्ता धरला जातो तो सांभाळणारी मोडून पडल्यावर.

दुसरा प्रश्न जास्त प्रामाणिक आहे: कॅन्सर, पक्षाघात, मूत्रपिंडाचे आजार, तिथेही घरं पिचतात, मग डिमेन्शियालाच वेगळं का? माझं उत्तर वर दिलेल्या पहाऱ्यात आहे. इतर आजारांत मदत कमी-जास्त करता येते, इथे एका मिनिटाचीही नजर काढता येत नाही आणि हे वर्षानुवर्षं चालतं. इथून सुरुवात झाली की त्याच गाड्या, त्याच मदतनीस इतरांनाही उपयोगी पडतील.

सोसायटीनेही थोडं करण्यासारखं आहे. एका सोसायटीच्या सभेत मी पाहुणी म्हणून बसले होते. एका सभासदाने तक्रार केली की तिसऱ्या मजल्यावरच्या आजी रात्री ओरडतात, एकदा लिफ्ट घाण केली, त्यांच्या मुलाला नोटीस द्या. मुलगा मागे उभा होता. खाली मान घालून ‘सॉरी’ म्हणाला आणि निघून गेला. सभा पुढच्या विषयाकडे वळली, पार्किंगच्या. तिथे कोणी एवढं जरी विचारलं असतं की रविवारी सकाळी तासभर आजींजवळ कोण बसेल, तरी दोन हात वर आले असते, याची मला खात्री आहे. वॉचमनच्या केबिनमध्ये आजींचा फोटो आणि घरचा नंबर लावा, कोपऱ्यावरच्या केमिस्टला आणि रिक्षा स्टँडवर सांगून ठेवा. लपवलं की माणूस हरवायला सोपा जातो. कोणाशी बोलावंसं वाटलं तर दिवसा ज्येष्ठांसाठीची १४५६७ आणि रात्री-अपरात्रीही मानसिक आधारासाठी चोवीस तास चालू असलेली टेली-मानस १४४१६ या दोन्ही मोफत सेवा आहेत, हे जिन्याच्या फलकावर लिहायला पैसे लागत नाहीत. पण शेजाऱ्यांच्या चांगुलपणावर आठ-दहा वर्षं निघत नाहीत, म्हणून केंद्राची मागणी मी सोडणार नाही.

दोन्ही महापालिकांची अंदाजपत्रकं साधारण फेब्रुवारीच्या सुमारास मांडली जातात आणि तयारी त्याआधी काही महिने चालते. ज्येष्ठ नागरिक संघांनी, सोसायट्यांच्या फेडरेशननी आणि ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांच्या भावंडांनी (ते मोकळे असतात, त्यांनी तरी) आपापल्या नगरसेवकाकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच लेखी मागणी द्यावी: पहिल्या वर्षी ठाण्यात दोन, नवी मुंबईत दोन केंद्रं, दिव्यांग निधीतून, गाडीसकट. आणि एक अट त्यात न विसरता घालावी. दुसरं सत्र दुपारी तीन ते संध्याकाळी सात असावं. कार्यालयीन वेळ त्याआधीच संपते, कर्मचारी थांबणार नाहीत, असं सांगून ते कापायचा प्रयत्न होईल. पण घरातली सगळ्यात अवघड वेळ पाचनंतरचीच असते, तेव्हा सातची वेळ निविदेतच लिहून घ्यावी.